पाणी 'गढूळ' म्हणजे किती सेंटिमीटर?

जुलै उजाडला की कोल्हापुरात घरोघरी दोन आकडे पाठ असतात, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर गेली की धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तिथला आकडा ५५ फुटांच्या पुढं गेला होता. 'पाणी लई वाढलंय' हे सांगणारे अशा वेळी गल्लोगल्ली भेटतात. पण गाडी कधी हलवायची, सामान माळ्यावर कधी चढवायचं, हे लोक बंधाऱ्याच्या आकड्यावरून ठरवतात. जागा एक, पट्टी एक, शून्य एक. वाचणारा बदलला तरी माप बदलत नाही.

याच नदीचं पाणी 'घाण झालंय' असं म्हणायची वेळ येते तेव्हा मात्र अशी पट्टी कुणाकडं नसते. म्हणून हौशी मंडळी, कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षक बाटल्या, पट्ट्या आणि मोबाइल घेऊन घाटावर जातात, मोजतात, नोंदवतात. यालाच नागरिक विज्ञान म्हणतात. शास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी, पगार न घेता, पण ठरलेल्या पद्धतीनं केलेली निरीक्षणं. यातला 'ठरलेल्या पद्धतीनं' हा भाग बहुतेक ठिकाणी गळून पडतो. मग वर्षभराची वही कुणापुढं ठेवली की एकच उत्तर मिळतं, हे हौशी लोकांचे आकडे आहेत.

गुणवत्ता सुधारणेच्या धंद्यातला माणूस या उत्तराशी सहमत होत नाही. हौशीपणा हा त्याच्या लेखी दोष नसतोच. त्याचा प्रश्न दुसरा असतो. हीच बादली दोघांनी मोजली तर एकच आकडा येईल का?

हा प्रश्न येतो कुठून?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, उद्यमनगरात, गुणवत्तेचं काम करणारी माणसं शेकड्यांनी आहेत. बरीचशी कास्टिंगच्या तपासणीपासून सुरुवात करतात. हातात व्हर्निअर, समोर ट्रॉलीभर माल, आणि कुठला पास, कुठला रिजेक्ट ते सांगायचं. काही वर्षांत एक गोष्ट लक्षात येते. रिजेक्शन वाढलं की सगळे वाळूला, भट्टीला नाहीतर पोअरिंग करणाऱ्याला दोष देतात, आणि कधी कधी बिघडलेलं असतं ते माप. सकाळच्या पाळीचा माणूस व्हर्निअर दाबून धरतो, रात्रपाळीचा हलकेच. माल तोच, आकडे दोन.

वाहन उद्योगाला माल पुरवायचा तर आयएटीएफ १६९४९ हे मानक पाळावं लागतं, आणि त्यात मापनपद्धतीची स्वतःची परीक्षा घेणं सक्तीचं आहे. म्हणजे आधी गेज (मोजायचं साधन) तपासा, मग माल तपासा. यात मुरलेला माणूस पुढं सल्लागार झाला आणि हॉस्पिटलात, शाळेत किंवा नदीकाठी गेला, तरी ही सवय सोबत नेतो. स्वयंसेवकांच्या आकड्यांबद्दलचं त्याचं मत यातूनच घडतं. माणसाला नंतर बघू, आधी पद्धत दाखवा.

जगात जिथं नागरिक विज्ञान टिकलं तिथं हेच झालेलं दिसतं. अमेरिकेतली नाताळची पक्षीगणना १९०० पासून चालू आहे. ईबर्ड, म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या नोंदवायची वेबसाइट, २००२ मध्ये सुरू झाली. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे. हे सगळे ३० हजार जण काही तज्ज्ञ नाहीत. पण ईबर्डवर यादी भरताना किती वेळ फिरलात, किती अंतर चाललात, किती जण होतात, हे विचारलं जातं. शिवाय एक साधा प्रश्न असतो. ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत, की मोजकेच? या प्रश्नात सगळी गोम आहे. 'सगळे लिहिले' असं उत्तर आलं की यादीत नसलेला पक्षीसुद्धा माहिती देतो. मग रंकाळ्यावर शंभर याद्यांपैकी कितीत एखादा पक्षी आलाच नाही, हे मोजता येतं. नुसते आवडीचे पक्षी लिहिलेली यादी या कामाची नाही, फोटो कितीही देखणा असो.

गुळव्याची गोळी

गुऱ्हाळावर काहिलीतला रस आटत आला की गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळते का ते बघतो. हे मापनच आहे, आणि चांगलं मापन आहे. अडचण एवढीच की गोळीची व्याख्या त्याच्या बोटांत असते. गुळव्या बदलला की व्याख्या बदलते.

'पाणी गढूळ आहे', 'जलपर्णी वाढली', 'वास येतोय' ही सगळी बोटांतली मापं आहेत. ती कागदावर उतरवायची म्हणजे कुणीही, कधीही केलं तरी तोच निकाल यावा इतकी तपशिलात लिहायची. जलपर्णीचं उदाहरण घ्या. 'रंकाळ्यात जलपर्णी खूप आहे' यातून काही निघत नाही. त्याऐवजी काठावरची एक जागा पक्की करा, कठड्यावर रंगाची खूण करा, मोबाइल त्या खुणेवर टेकवून, झूम न करता, दर रविवारी एक फोटो घ्या. फोटोवर दहा बाय दहा चौकटींची जाळी टाका आणि ज्या चौकटींत निम्म्याहून जास्त हिरवं आहे तेवढ्या मोजा. आकडा ० ते १०० मध्ये येतो. लांबच्या चौकटीत जास्त पाणी मावतं, त्यामुळं हे क्षेत्रफळ नव्हे. पण खूण हलली नाही तर या रविवारची त्या रविवारशी तुलना चोख होते, आणि आपल्याला तुलनाच हवी असते.

पावसाचंही तसंच. गच्चीत बादली ठेवून 'बादलीभर पडला' म्हणण्यात अर्थ नाही. १६ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं घेतलं तर तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे बाटलीत जमलेलं दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा असतो. तुम्ही सातला मोजलं आणि शेजारच्यानं दहाला, तर गगनबावड्याकडून आलेली एकच सर दोघांच्या वहीत दोन वेगळ्या तारखांना पडते.

पाऊण लिटर पाणी आणि एक काळी-पांढरी चकती

नदीसाठी सुरुवात करायची तर पाण्याची पारदर्शकता मोजा. रसायन लागत नाही, मुदत संपत नाही, आणि एका वेळेला पंधरा मिनिटं पुरतात. १८६५ मध्ये इटलीच्या आंजेलो सेक्की यांनी समुद्रात पांढरी चकती सोडून ती दिसेनाशी कधी होते हे मोजलं. तीच कल्पना नळीत आणायची. ६० सेंटिमीटर लांब, आतून ४ सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक ॲक्रिलिकची नळी घ्या. तळाला रबरी बूच बसवा, बुचावर काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची चकती. बुचाच्या लगेच वर बाजूला बारीक रबरी नळी आणि ती दाबून बंद करायला चिमटा. बाहेरून एकेक सेंटिमीटरच्या खुणा, शून्य चकतीपाशी. पूर्ण भरली की पाऊण लिटर पाणी मावतं.

पाणी घाटाच्या ठरलेल्या पायरीवरून, पृष्ठभागाच्या वीतभर खालून घ्यायचं. वरचा फेस आणि तळाचा गाळ दोन्ही टाळायचे. बादली बुडवताना तिचं तोंड येणाऱ्या प्रवाहाकडं. धुणं किंवा जनावरं धुणं चालू असेल तर त्याच्या वरच्या अंगाला, आणि तसं केल्याचं वहीत लिहायचं. नळीत ओतण्याआधी बादली हातानं ढवळायची, कारण गाळ दोन-तीन मिनिटांतच खाली बसायला लागतो. सर्वांत जास्त चूक इथंच होते. पहिल्यानं ढवळून ४० मोजलं, दुसऱ्यानं गप्पा संपवून वरचं नितळ पाणी घेऊन ५२ मोजलं, आणि दोघंही खरं बोलतायत.

पाठ उन्हाकडं करून नळी आपल्या सावलीत धरा. गॉगल काढा. वरून सरळ खाली बघत चिमटा सैल करा, पाणी बारीक धारेनं सोडा, आणि काळं-पांढरं वेगळं दिसू लागताच चिमटा दाबा. खूण वाचा. पूर्ण भरलेल्या नळीतही चकती दिसत असेल तर ६० लिहायचं नाही, '६० पेक्षा जास्त' लिहायचं. खरा आकडा ६२ असेल किंवा ११०, आपल्याला तो कळलेला नाही. अशा नोंदी आल्या की सरासरी सोडून द्यायची आणि सगळे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला आकडा घ्यायचा.

नदीच्या पातळीनं घाटाची ती पायरी गिळली असेल तर त्या आठवड्याचा रकाना रिकामा राहील. पुरात आकड्यासाठी कुणी पाण्यात उतरायचं नाही. सांडपाणी मिसळलेलं पाणी असतं, त्यामुळं एरवीही हातमोजे हवेत आणि परतताना साबण.

आधी मोजणाऱ्यांना मोजा

फाउंड्रीत नवा गेज आला की दहा नग घेतात, तीन माणसं घेतात, आणि प्रत्येकाकडून प्रत्येक नग दोन-तीनदा मोजून घेतात. नगांचा क्रम दर वेळी बदलतात, म्हणजे मघाचा आकडा आठवून कुणी लिहिणार नाही. नदीसाठी हेच अंगणात करता येतं. दहा बादल्यांत कमी-जास्त तांबडी माती कालवा, बादल्यांना अक्षरं द्या, तीन स्वयंसेवकांनी प्रत्येक बादली दोनदा मोजायची. प्रत्येक वेळी ढवळून. लिहून घेणारा चौथा माणूस हवा, आणि त्यानं मोठ्यानं आकडे वाचायचे नाहीत.

समजा एकाच माणसानं एकच बादली दोनदा मोजल्यावर येणारा फरक सरासरी २.३ सेंटिमीटर निघाला. त्याला १.१२८ या संख्याशास्त्रातल्या ठरलेल्या आकड्यानं भागलं की जवळपास २ येतात. हा झाला तुमच्या मापाचा स्वतःचा थरथराट. याचा व्यवहारी अर्थ असा की नदी तसूभर बदलली नसली तरी दोन रविवारच्या आकड्यांत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज पडू शकतो. 'गेल्या आठवड्यापेक्षा पाणी तीन सेंटिमीटरनं सुधारलं' अशी पोस्ट टाकण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.

तिघांपैकी एकाचेच आकडे सतत वरचे येत असतील तर तो माणूस निष्काळजी आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. चष्मा, उंची, चिमटा दाबायला लागणारा वेळ, 'दिसू लागणं' याचा प्रत्येकानं लावलेला अर्थ, यांतलं काहीतरी असतं. आणखी एक प्रशिक्षण शिबिर हा यावरचा सर्वांत दुबळा इलाज. शिबिरातलं महिन्याभरात विसरतं. त्यापेक्षा वस्तूच अशी करा की चूक करायला अवघड जाईल. धार बारीकच पडेल अशी अरुंद नळी लावा. बादलीवर ढवळण्याची पळी बांधून ठेवा. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये वेळ आपोआप पडू द्या. जपानी कारखान्यांतून आलेल्या या युक्तीला पोका-योके म्हणतात, आणि उद्यमनगरातल्या कुठल्याही फिक्श्चरवर (जॉब पकडून धरणाऱ्या चौकटीवर) ती सापडेल. पिन अशी बसवलेली असते की जॉब उलटा बसतच नाही.

शेवटच्या अंकांकडंही बघा. वर्षभराच्या नोंदींत ० आणि ५ नं संपणारे आकडे साधारण पाचातले एक असायला हवेत. निम्मे तसे असतील तर मंडळी खूण वाचत नाहीत, अंदाज लिहितायत.

कुठला आकडा बातमी, कुठला नुसता रविवार

१९२४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी एक साधा तक्ता मांडला. प्रक्रिया जशी आहे तशी चालू असतानाही आकडे हलतातच, त्या हलण्याला हद्द असते, आणि हद्दीबाहेरच्या आकड्याचं कारण शोधणं फायद्याचं ठरतं. हद्दीच्या आतल्या प्रत्येक चढ-उताराचं कारण शोधत बसलात तर डोकं फिरेल आणि हाती काही लागणार नाही.

समजावण्यापुरते दहा रविवारचे आकडे घेऊ, सेंटिमीटरमध्ये: ४२, ३८, ४५, ४०, ३७, ४४, ४१, ३९, ४३, ४१. सरासरी ४१. आता लागोपाठच्या दोन आकड्यांतले फरक काढा: ४, ७, ५, ३, ७, ३, २, ४, २. त्यांची सरासरी ४.१. तिला २.६६ नं गुणा (हाही या तक्त्यासाठीचा ठरलेला आकडा), १०.९ येतात. ते ४१ मध्ये मिळवले आणि वजा केले की हद्दी मिळतात, वर साधारण ५२ आणि खाली ३०. अकराव्या रविवारी ३५ आले तर तो नुसता एक रविवार आहे. २४ आले तर बातमी आहे. शिवाय लागोपाठ आठ आकडे सरासरीच्या एकाच बाजूला पडले तरी काहीतरी सरकलंय असं समजायचं. नाणं आठदा उडवून आठही वेळा छापा पडावा तसं ते आहे. दहा आकड्यांवरच्या हद्दी कच्च्या असतात. वीस झाल्यावर पुन्हा काढा आणि मग पक्क्या धरा.

या दहा आकड्यांचा एकूण थरथराट काढला, म्हणजे ४.१ ला १.१२८ नं भागलं, तर सुमारे ३.६ येतो. त्यात मापाचे स्वतःचे २. म्हणजे निम्म्याहून जास्त, ५५ टक्के. वाहन उद्योगाच्या हिशेबात १० टक्क्यांपर्यंत गेज चांगला, ३० पर्यंत चालवून घेतात, त्यापुढं नापास. आपली नळी सपशेल नापास! तरी ती फेकायची नाही. पिस्टनच्या भोकाला जे लागतं ते नदीला लागत नाही. ४१ वरून २४ वर झालेली घसरण ही नळी ठळक दाखवते, आणि आपला प्रश्न तेवढाच असेल तर तिनं काम केलं. ४१ चे ३९ झाले का, हा प्रश्न असेल तर मात्र नळी बदला किंवा तिघांनी मोजून मधला आकडा लिहा.

हिवाळ्याच्या हद्दी पावसाळ्याला लावायच्या नाहीत. जूनमध्ये तांबडं पाणी उतरलं की नळीत चार बोटंही दिसत नाही, आणि ते दरवर्षीचंच आहे. ऋतूंचे तक्ते वेगळे.

शहराच्या सांडपाण्याचा परिणाम बघायचा असेल तर आणखी एक चांगली युक्ती आहे. जयंती नाला जिथं पंचगंगेला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला एक जागा, खालच्या अंगाला एक, आणि दोन्हीकडं त्याच सकाळी तासाभरात माप. तक्ता दोघांतल्या फरकाचा काढायचा. धरणातून पाणी सोडलं, वरच्या भागात पाऊस झाला, तर दोन्ही आकडे मिळून हलतात आणि वजाबाकीत निघून जातात. नाल्याचा वाटा तेवढा उरतो.

घड्याळ विसरलं की ऑक्सिजन खोटं बोलतो

पारदर्शकता जमली की मंडळींना विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असतो. चांगली गोष्ट आहे, पण इथं वेळ हा निम्मा आकडा आहे. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळे जीव मिळून तो खातात. त्यामुळं पहाटे तो सर्वांत कमी आणि दुपारी सर्वांत जास्त असतो. हिरव्यागार तळ्यात दुपारी तीनला मोजाल तर पाणी उत्तम आहे असं दिसेल, आणि त्याच तळ्यात पहाटे मासे तोंड वर काढून तडफडत असतील. आंघोळीच्या पाण्याचं आपल्याकडचं मानक लिटरमागं किमान ५ मिलिग्रॅम असं आहे. त्याच्याशी तुलना करायची तर दर वेळी सकाळी सात म्हणजे सातच. बाटली पाण्याखालीच भरून पाण्याखालीच बुचली पाहिजे. आत हवेचा वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो. रसायनं काठावरच घालायची. बाटली घरी नेऊन, जेवून मग चाचणी केली तर तोवर आतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन संपवायला घेतलेला असतो.

पीएचच्या रंगपट्ट्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सावलीत वाचा, पाकिटावरची तारीख बघा, अर्ध्या अंकापेक्षा बारीक फरकावर वाद घालू नका.

आकडे कुणासाठी?

सुधारणेसाठी मोजणं, जाब विचारण्यासाठी मोजणं आणि संशोधनासाठी मोजणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामाला 'पुरेसा बरा' आकडा चालतो, कारण तो दर आठवड्याला मिळतो. दुसऱ्याला कायदा लागतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमात नमुना कुणी, कसा घ्यायचा याची रीत दिली आहे, आणि ती पाळली नाही तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणजे स्वयंसेवकांची वही कुणाला दंड करू शकत नाही. पण अधिकृत नमुना कुठल्या पायरीवर, कुठल्या वारी, किती वाजता घ्यावा हे ती नेमकं सांगू शकते, आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला तीच माहिती नसते. गट सुरू करताना यांतलं कुठलं काम करायचंय हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावं. न ठरवता सुरू केलेले गट बारा गोष्टी मोजायला घेतात आणि चौथ्या महिन्यात दोघं उरतात. एकच माप घ्या, आणि तक्ता त्याच संध्याकाळी गटावर टाका. आपण दिलेल्या आकड्याचं काय झालं हे ज्याला कळतं तो पुढच्या रविवारी येतो. 'उत्कृष्ट निरीक्षक' वगैरे बक्षिसं ठेवू नका. बक्षीस ठेवलं की रिकामे रकाने घरबसल्या भरले जातात.

आणि एखाद्या रविवारी २४ आलेच, तर? तीच बादली ढवळून दुसऱ्यानं मोजायची. मग दहा मिनिटांनी नवी बादली. दोन्हीकडं विशीतलाच आकडा असेल तर वरच्या अंगाला बघायचं. रात्री पाऊस झाला का, पाणी सोडलंय का, कुठं पाईप फुटलाय का. ठरलेल्या खुणेवरून फोटो, एक बाटली बर्फात घालून प्रयोगशाळेकडं, आणि मगच फोन. दुसऱ्या मोजणीत ४० आले तर २४ वर एक सरळ रेघ मारायची, आकडा वाचता येईल अशी. शेजारी कारण आणि सही. खोडरबर किटमध्ये ठेवायचाच नाही.